कूलरचा शॉक आणि अठ्ठेचाळीस व्होल्टची वीज

एप्रिल लागला की आमच्या नागपुरात घरोघरी कूलर बाहेर निघतात. वर्षभर माळ्यावर पडलेला तो पत्र्याचा डबा धुतला जातो, ताट्या बदलल्या जातात, छोटा पंप पाण्यात सोडला जातो आणि खिडकीत संसार सुरू होतो. त्याच दिवसांत वर्तमानपत्रांच्या आतल्या पानांवर एक छोटी बातमीही सुरू होते. कूलरमध्ये पाणी भरताना शॉक लागून मृत्यू. कधी एखादी माउली, कधी खेळता खेळता हात लावणारे लेकरू. आपण ती बातमी वाचतो, हळहळतो आणि पान उलटतो.

दोन वर्षांपूर्वी ती बातमी आमच्याच घरची व्हायची होती. म्हणून आज या सदरात नेहमीचा विषय बाजूला ठेवून आम्ही विजेबद्दल लिहीत आहोत. माता-भगिनींनी हे जरूर वाचावे, आणि घरातील शाळकरी मुलांकडून मोठ्याने वाचून घेतले तर अधिकच चांगले.

मे महिन्यातली दुपार होती. आमची आई, वय वर्षे एकाहत्तर, बादली घेऊन कूलरमध्ये पाणी ओतायला गेली. कूलर चालूच होता. पाय अनवाणी, फरशी ओली. एका हाताने बादली तिरपी केली आणि दुसरा हात आधारासाठी पत्र्यावर टेकवला. तो हात तिथेच चिकटला. तोंडातून नीट आवाजही निघेना. आम्ही धावत गेलो आणि आईला धरून ओढणारच होतो, इतक्यात दहावीतली आमची मुलगी ओरडली, "बाबा, हात नका लावू!" आणि तिने पळत जाऊन मेन स्विच खाली ओढला. आई खाली पडली, पण वाचली. त्या दिवशी आम्ही आईला धरले असते तर दोघेही गेलो असतो. दवाखान्यात नेले, हृदयाची तपासणी झाली, रात्री घरी आणले.

संध्याकाळी गल्लीतले वायरमन भाऊ आले. त्यांनी कूलर उघडला आणि डोक्याला हात लावला. "भाऊ, ह्या पंपाची वायर पाण्यात सोलली आहे, अन् अर्थिंगची वायर तर तुम्ही कापूनच टाकली जी! तीन पिनचा प्लग काऊन काढला?"

आम्ही मान खाली घातली. आमच्याकडचा लांब वायरचा बोर्ड दोन पिनचा होता, म्हणून मागच्याच वर्षी आम्ही स्वतःच्या हाताने तीन पिनचा प्लग काढून दोन पिनचा बसवला होता. पंपाला दोष देता येत नाही, दुकानदारालाही नाही. चूक आमची होती.

मुलीचा प्रश्न

रात्री सगळे शांत झाल्यावर मुलीने विचारले, "बाबा, मोबाईलच्या चार्जरची पिन हातात धरली तरी काही होत नाही. मग कूलरच का धरतो? वीज तर एकच आहे ना?"

प्रश्न साधा, पण उत्तर आम्हांला धड देता आले नाही. मग आम्ही वायरमन भाऊंना विचारले, आयटीआयमध्ये शिकवणाऱ्या एका स्नेह्यांकडे गेलो, चार पुस्तके चाळली. जे समजले ते असे.

भिंतीतल्या सॉकेटमधून येणारी वीज २३० व्होल्टची असते. तिची धारा सेकंदाला पन्नास फेऱ्या मारते, कधी इकडे, कधी तिकडे. हिला एसी म्हणतात, शाळेच्या पुस्तकात प्रत्यावर्ती धारा. बॅटरीची वीज मात्र एकाच दिशेने वाहते. ती डीसी, म्हणजे दिष्ट धारा. मोबाईलचा चार्जर हा खरे तर एक छोटा कारखानाच आहे. तो भिंतीतली २३० व्होल्टची एसी घेतो आणि मोबाईलला बहुधा ५ ते २० व्होल्टची डीसी देतो. म्हणून त्याची पिन चावत नाही.

शॉकने माणूस मरतो तो शरीरातून किती धारा गेली यावर. ओल्या हातापायांच्या माणसाचा अडथळा साधारण एक हजार ओहम धरतात. २३० व्होल्टला हजाराने भागले की येते ०.२३ अँपिअर, म्हणजे २३० मिलिअँपिअर. एसीची दहा-पंधरा मिलिअँपिअर धारा गेली तरी हाताचे स्नायू आवळतात आणि पकड सुटत नाही. आईचा हात चिकटला तो यामुळेच. पन्नासच्या वर धारा छातीतून सेकंदभर गेली तर हृदयाचा ठोका बिघडू शकतो. म्हणजे २३० ही मरणाची धारा आहे.

आता तेच गणित ४८ व्होल्टच्या डीसीचे करून पाहा. ४८ भागिले १०००, म्हणजे ४८ मिलिअँपिअर. शिवाय हृदयाला धक्का द्यायला डीसीची धारा एसीच्या कित्येक पट लागते, आणि डीसीने हात तसा आवळून धरला जात नाही. कोरड्या हाताला तर ४८ व्होल्ट बहुधा जाणवतही नाहीत. विजेच्या जगात म्हणूनच या दाबाला अतिकमी दाब म्हणतात.

देशात विजेच्या धक्क्याने किती माणसे जातात याची नोंद राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग ठेवतो. एकट्या २०२१ साली हा आकडा बारा हजारांच्या वर होता. बारा हजार म्हणजे एक मोठे गाव. त्यांत शेतातली माणसे आली, खांबावरचे लाइनमन आले, बांधकामावरचे मजूर आले आणि घरात पाणी भरणाऱ्या बायाही आल्या. बंगल्यात नव्या वायरिंगखाली राहणाऱ्यांपेक्षा जुन्या वायरिंगच्या दोन खोल्यांत राहणाऱ्यांच्या वाट्याला हा धोका अधिक येतो, हे सांगायला आकडेवारीची गरज नाही.

मग घरात एसी आली कशी?

वाचक म्हणतील, डीसी एवढी गरीब स्वभावाची आहे तर मग सगळ्यांच्या घरी एसी का? याचे उत्तर सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वीच्या भांडणात आहे.

४ सप्टेंबर १८८२ रोजी एडिसनने न्यूयॉर्क शहरात पर्ल स्ट्रीट येथे वीजकेंद्र सुरू केले. ती वीज डीसी होती, सुमारे ११० व्होल्टची. पण ती फार लांब जात नसे. मैल-दीड मैलाच्या पुढे तारेतच वीज उष्णतेच्या रूपाने संपे. तार गरम होते ती धारेच्या वर्गाच्या प्रमाणात. धारा कमी ठेवायची तर दाब वाढवावा लागतो, आणि दाब हवा तसा वाढवणारे व घटवणारे साधन, ट्रान्सफॉर्मर, फक्त एसीवर चालते. वेस्टिंगहाउस आणि टेस्ला यांनी एसीचा पुरस्कार केला आणि पुढच्या दहा-पंधरा वर्षांत एसीने बाजी मारली. त्या काळच्या साधनांनुसार तो निकाल योग्यच होता.

तरी डीसी कधी मेली नाही. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी मुंबईत व्ही.टी.हून कुर्ल्याला विजेची पहिली गाडी धावली ती १५०० व्होल्ट डीसीवर, आणि मुंबईच्या लोकलमधून डीसी पूर्णपणे गेली ती २०१६ साली. टेलिफोन एक्स्चेंज ४८ व्होल्टच्या बॅटऱ्यांवर चालत आले, म्हणूनच पूर्वी गावाची लाइट गेली तरी घरचा तारेचा फोन चालू राहायचा. रेल्वेच्या जुन्या निळ्या डब्यांतले दिवे-पंखे ११० व्होल्ट डीसीवर फिरत. आणि आपल्या विदर्भाच्या अंगणातलीच गोष्ट सांगायची तर, चंद्रपूरहून मुंबईजवळच्या पडघ्यापर्यंत साडेसातशे किलोमीटर लांबीची डीसी वाहिनी १९९९ पासून वीज वाहून नेत आहे. एडिसनची डीसी मैलभर जाईना, आणि आज अतिउच्च दाबाची डीसी अख्खा महाराष्ट्र ओलांडते. दाब बदलणारी इलेक्ट्रॉनिक साधने आली, त्यामुळे डीसीचा जुना अडसर उरला नाही.

दुसरीकडे आपल्या घरातल्या वस्तू बदलल्या. पूर्वीचा पिवळा बल्ब एसीवरही पेटे, डीसीवरही. आताचा एलईडी दिवा आतून डीसीच आहे. मोबाईल, टीव्ही, सेट-टॉप बॉक्स, वायफायचा डबा, लॅपटॉप, सगळे आतून डीसी. नवे बीएलडीसी पंखे निघाले आहेत, तेही आतून डीसी. म्हणजे रस्त्यावरून एसी येते आणि प्रत्येक वस्तू आपापल्या पोटात तिची डीसी करून घेते. दर वेळी थोडी वीज उष्णता होऊन वाया जाते. चार्जर हाताला कोमट लागतो ती हीच वाया गेलेली वीज.

छतावर सौर पॅनेल असेल तर गंमत आणखी वाढते. पॅनेल डीसी देते. बॅटरी डीसी साठवते. मग इन्व्हर्टर तिची एसी करतो. मग दिवा आणि पंखा त्या एसीची पुन्हा डीसी करतात. गव्हाचे पीठ करायचे, पिठाचे पुन्हा गहू करायचे आणि पुन्हा दळायचे, असा हा प्रकार. दर दळणाला दहा टक्के सांडले असे धरले तरी तीन दळणांत शंभरातले त्र्याहत्तरच हाती उरतात. सरळ डीसी वापरली तर मधली दोन दळणे वाचतात.

वाळवंटातल्या ढाण्या

हे नुसते पुस्तकी नाही. मद्रासच्या आयआयटीत प्राध्यापक अशोक झुनझुनवाला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ४८ व्होल्ट डीसीची घरगुती व्यवस्था उभी केली. राजस्थानात जोधपूर आणि जैसलमेर जिल्ह्यांच्या वाळवंटात एकेकट्या विखुरलेल्या घरांना ढाणी म्हणतात. तिथे एका घरासाठी खांब आणि तारा ओढत नेणे सरकारला परवडत नव्हते. अशा हजारो घरांत गेल्या दशकात ही व्यवस्था बसवली गेली. छतावर सव्वाशे वॅटचे एक पॅनेल, एक छोटी बॅटरी, भिंतीवर एक डबा, आणि त्यातून निघणारी ४८ व्होल्टची तार. त्यावर एलईडी दिवे, डीसी पंखा आणि मोबाईलचे चार्जिंग. एवढ्याशा पॅनेलवर हे सारे चालते, कारण मध्ये इन्व्हर्टर नाही आणि वस्तू कमी वीज खाणाऱ्या आहेत.

त्याच मंडळींनी शहरांसाठीही एक विचार मांडला. विजेचा तुटवडा पडला की अख्ख्या वस्तीची लाइट तोडतात. त्याऐवजी प्रत्येक घराला शंभर वॅटच्या आसपास डीसी वीज चालू ठेवावी. तेवढ्यावर दोन-तीन दिवे, एक-दोन पंखे आणि मोबाईल चालतात. भारनियमनाच्या काळात कंदिलाखाली अभ्यास केलेल्या आमच्या पिढीला या शंभर वॅटची किंमत सांगायला नको. पुढे २०१७ साली भारतीय मानक ब्युरोने ४८ व्होल्ट डीसी वितरणासाठी मार्गदर्शक मानक काढले. त्याचा क्रमांक आयएस १६७११. चीननेही २०२१ च्या आपल्या आराखड्यात सौर वीज, साठवण आणि डीसी वितरण असलेल्या इमारतींचा समावेश केला आहे.

४८ हाच आकडा का? बारा व्होल्ट का नाही? समजा ४८ वॅटचे दिवे लावायचे. बारा व्होल्टवर चार अँपिअर धारा लागेल, अठ्ठेचाळीसवर फक्त एक. तार तापते ती धारेच्या वर्गाने. चारचा वर्ग सोळा. म्हणजे त्याच तारेत बारा व्होल्टवर सोळा पट वीज वाया जाईल. दाब फार वाढवला तर धोका, फार कमी केला तर नुकसान. अठ्ठेचाळीस हा मधला मार्ग आहे.

वस्तीची सभा

आता आमच्या वस्तीची गोष्ट. आमच्याकडे मुलांसाठी एक अभ्यासिका आहे. पत्र्याचे छप्पर, सहा ट्यूबलाइट, चार पंखे. संध्याकाळी पाच तास ती उघडी असते. परीक्षेच्या दिवसांत लाइट गेली की मुले गच्चीवर नाहीतर मोबाईलच्या उजेडात बसतात. म्हणून घराघरांतून वर्गणी गोळा करून इन्व्हर्टर घ्यायचे ठरत होते. धुणीभांडी करणाऱ्या मावशींनी दिलेले पन्नास रुपयेही त्या वर्गणीत होते, तेव्हा एक रुपयाही वाया जाऊ नये ही सर्वांची काळजी.

सभेत आम्ही गणित मांडले. जुन्या चोकच्या ट्यूबा चोकसकट पन्नास वॅटच्या, सहा मिळून तीनशे. साधे पंखे पंच्याहत्तर वॅटचे, चार मिळून तीनशे. एकूण सहाशे वॅट. पाच तासांचे तीन युनिट. इन्व्हर्टर आणि बॅटरीतली गळती वेगळीच.

आता वीस वॅटच्या सहा एलईडी ट्यूबा, म्हणजे एकशे वीस. तीस वॅटचे चार बीएलडीसी पंखे, म्हणजे आणखी एकशे वीस. एकूण दोनशे चाळीस वॅट. पाच तासांचे सव्वा युनिटही नाही. बारा व्होल्टच्या चार बॅटऱ्या एकापुढे एक जोडल्या की अठ्ठेचाळीस व्होल्ट होतात. छतावर पाचशे वॅटचे पॅनेल टाकले तर आपल्याकडच्या उन्हात दिवसाला दोन युनिटच्या आसपास मिळतात. गळती धरूनही भागते.

रेल्वेतून निवृत्त झालेले एक काका उठून म्हणाले, "गणित बरोबर आहे. पण पंखा बिघडला तर तो डीसी पंखा दुरुस्त करणार कोण? अन् नवा मिळणार कुठे? डब्यातल्या पंख्यांसाठी आमच्याकडे वर्कशॉप होते. तुमच्याकडे काय आहे?"

काकांचा प्रश्न अगदी रास्त होता. ४८ व्होल्टचे पंखे आणि दिवे कोपऱ्यावरच्या दुकानात मिळत नाहीत. गावोगावच्या वायरमनला त्याची सवय नाही. हीच आजची खरी अडचण आहे, आणि ती लपवून सांगण्यात अर्थ नाही. शेवटी ठरले असे. सर्व वस्तू मानकाप्रमाणे ४८ व्होल्टच्याच घ्यायच्या, दोन पंखे आणि दोन ट्यूबा जास्तीच्या आणून ठेवायच्या, आणि एसीची एक जुनी लाइन तशीच राखायची. आयटीआयला जाणाऱ्या वस्तीतल्या दोन मुलांनी जोडणीच्या वेळी वायरमन भाऊंच्या हाताखाली काम करून ते शिकून घ्यायचे. हा कामधंदा पुढे वाढणार आहे, आणि जो आधी शिकेल त्याच्या हाती तो येईल.

सहा महिन्यांपासून अभ्यासिका अशी चालू आहे. लाइट गेली तर आतल्या मुलांना कळतही नाही. एक पंखा एकदा बंद पडला. पाहिले तर जोड ढिला झाला होता. त्या दोन मुलांपैकी एकाने तो स्वतः दुरुस्त केला.

या निमित्ताने एक आठवण द्यावीशी वाटते. १९४२ ते १९४६ या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते, आणि वीज हा विषय त्यांच्या खात्याकडे होता. २५ ऑक्टोबर १९४३ रोजी युद्धानंतरच्या वीजविकासाचा विचार करणाऱ्या समितीपुढे त्यांनी भाषण केले. वीज स्वस्त आणि मुबलक असल्याशिवाय देशात उद्योग उभे राहणार नाहीत आणि माणूस दारिद्र्यातून वर येणार नाही, हा त्यांचा मुद्दा होता. १९४४ साली केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ स्थापन झाले ते त्यांच्याच कारकिर्दीत. विजेकडे त्यांनी चैन म्हणून पाहिले नाही. तेव्हा विजेचे गणित समजून घेणे हे आपले काम नव्हे, असे आपल्यापैकी कोणी म्हणू नये.

डीसी म्हणजे सुरक्षित, असे नव्हे

इथे एक सावधगिरीची सूचना. डीसी आहे म्हणून ती निरुपद्रवी, असा समज कोणी करून घेऊ नये. सुरक्षितता येते ती कमी दाबामुळे. मुंबईच्या लोकलवरची १५०० व्होल्टची तार डीसीच होती आणि तिने अनेकांचे बळी घेतले. मोठ्या घरांच्या छतावर सौर पॅनेल एकापुढे एक जोडतात तेव्हा तिथे तीनशे, चारशे, सहाशे व्होल्टची डीसी तयार होते. ऊन आहे तोवर ती बंदही करता येत नाही. अशा तारांना हात लावणे म्हणजे मृत्यूला बोलावणे.

दुसरे, एसीची धारा सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येते, त्यामुळे स्विच उघडताना पडलेली ठिणगी लगेच विझते. डीसी शून्यावर येतच नाही, म्हणून ठिणगी लांबते आणि साधा स्विच जळतो. डीसीसाठी डीसीचेच स्विच, डीसीचेच फ्यूज हवेत. तिसरे, बॅटरीची दोन टोके चुकून एकमेकांना लागली तर शॉक बसणार नाही, पण आग लागेल. बॅटरीजवळ फ्यूज हवाच. चौथे, एसीचा आणि डीसीचा प्लग वेगळ्या आकाराचा ठेवावा, दोन्ही वायरी वेगळ्या नळीतून न्याव्यात, म्हणजे एकाची वस्तू दुसऱ्यात कोणी खुपसणार नाही. आणि ओल्या जागी, मोरीत, ४८ व्होल्टशीही खेळू नये.

इस्त्री, गीझर, मिक्सर, शेगडी यांना मात्र डीसीच्या या लाइनवर आणू नये. हजार वॅटची इस्त्री २३० व्होल्टवर सव्वाचार अँपिअर घेते, तीच ४८ व्होल्टवर एकवीस अँपिअर मागेल. एवढी जाड तार कोण घालणार? म्हणून दिवे, पंखे, टीव्ही, मोबाईल डीसीवर आणि बाकी जड कामे एसीवर, अशी वाटणीच शहाणपणाची.

आज आपल्या हाती काय?

ज्यांचे नवे घर बांधून होत आहे त्यांनी दिवे-पंख्यांसाठी एक वेगळी नळी भिंतीत आताच टाकून ठेवावी. नळीला फार पैसे लागत नाहीत, भिंत फोडायला मात्र लागतात. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्यांनी निदान पंखा बदलताना विचार करावा. पंच्याहत्तर वॅटचा पंखा रोज बारा तास चालला तर महिन्याला सत्तावीस युनिट. तीस वॅटचा बीएलडीसी पंखा चालला तर अकरा युनिटही नाहीत. हे पंखे साध्या एसी लाइनवरही चालतात. सोळा युनिटांचे किती रुपये होतात ते आपापल्या बिलावरचा दर पाहून ज्याने त्याने काढावे. सौर योजनेत छतावर पॅनेल बसवणार असाल तर आधीच विचारा की लाइट गेल्यावर ते चालेल का. सरकारी लाइनला जोडलेला, बॅटरी नसलेला संच लाइट गेली की बंद पडतो, कारण खांबावर काम करणाऱ्या लाइनमनचा जीव वाचवायचा असतो.

आणि प्रत्येक घरासाठी, आजच्या आज:

मेन स्विचजवळ ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवून घ्या. जुने वायरमन यालाच ईएलसीबी म्हणतात. शरीरातून धारा जाऊ लागली की तो डोळ्याची पापणी लवायच्या आत वीज तोडतो. महिन्यातून एकदा त्यावरचे टेस्टचे बटण दाबून पाहा.

कूलर, फ्रिज, वॉशिंग मशीन, इस्त्री यांचा तीन पिनचा प्लग कधीही काढू नका. अर्थिंग नसेल तर चार घरांनी मिळून खड्डा करून घ्या. अर्थिंगच्या जागी न्यूट्रलची वायर जोडण्याचा जुगाड कोणालाही करू देऊ नका.

कूलरमध्ये पाणी भरण्याआधी नुसता स्विच नव्हे, प्लगच काढा. पायात रबरी चप्पल असू द्या. पंपासाठी बारा व्होल्टचे छोटे डीसी पंप बाजारात मिळतात. ते घेतले तर अडॅप्टर पाण्यापासून दूर, उंचावर ठेवा. पण कूलरचा पंखा २३० व्होल्टचा असेल तर अर्थिंग तरीही हवेच.

कोणाला शॉक लागला तर त्याला हात लावू नका. आधी मेन स्विच बंद करा. ते जमत नसेल तर कोरड्या लाकडाने दूर करा. श्वास थांबला असेल तर छातीवर दाब देत राहा आणि मदत बोलवा. माणूस उठून बसला, बरा दिसला, तरी दवाखान्यात न्या.

आमच्या घरी मेन स्विचच्या शेजारी मुलीने वहीचा एक कागद चिकटवला आहे. त्यावर मोठ्या अक्षरात लिहिले आहे, "आधी हा बंद करा." खाली बाणाची खूण काढली आहे, कारण आजीला लिहिता-वाचता येत नाही. यंदाही आई कूलरमध्ये पाणी भरते. कोणी मदतीला गेले तर हाकलून देते. पण बादली उचलण्याआधी ती प्लग काढते, तो हातात धरून आम्हांला दाखवते आणि मगच पाणी ओतते.